बगलेतली लोकर

चुलीवर ओटची पेज ठेवली की लासरीना अर्धवट शिवलेला अंगरखा स्वतःच्या अंगात घालायची आणि दोन्ही हात डोक्यावर न्यायची. हे रोजचंच. बघणाऱ्याला वाटायचं, बाई प्रार्थना करतेय. ती फक्त बगलेतला ताण पाहत असे. कुऱ्हाडीने लढणाऱ्याचे हातच वर गेले नाहीत, तर अंगरख्याच्या जाडीला काय चाटायचंय?

मॉय नदीच्या काठी लोखंडी कड्यांचं चिलखत सरदाराकडे, फार तर त्याच्या भावांकडे. बाकीचे लासरीनाच्या अंगरख्यांवर लढायचे. जवसाच्या कापडाचे थर, मध्ये लोकर, मेण ओढलेला दोरा. पाती त्यात अडकून पडत.

धाकट्या भावाला, लॉख्लनला, तिनेच वाढवलं होतं. नदीपलीकडचे लोक गुरं पळवायला येणार अशी खबर आली, आणि नदी ओलांडायचा उतार अडवायला निघालेल्या कुऱ्हाडवाल्यांत त्याचं नाव लागलं. त्याच्या अंगरख्यात तिने बगलेला दुप्पट लोकर भरली. त्यांच्या वडिलांना भाला तिथेच लागला होता. तो एकच अंगरखा तिने घालून पाहिला नाही. काय दिसेल ते तिला ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी अंगणात म्होरक्या दोनखा लॉख्लनला म्हणाला, "उचल बघू कुऱ्हाड."

कुऱ्हाड कानापाशी अडली.

"लासरीनाबाई, भाऊ पाठवताय की उशी?" दोनखा म्हणाला. सगळे हसले.

लॉख्लन तिच्यापाशी आला. "ताई, उसव हे."

"बाबांना तिथेच..."

"माहितीये गं. पण हात वर गेला नाही तर मला उभ्याउभ्या कापतील."

तिने पातं घेतलं, शिवण उसवली. मुठी भरभरून लोकर बाहेर काढली आणि पुन्हा टाके घातले.

"हात वर कर."

हात सरळ आभाळाकडे गेला.

"काचतंय कुठे?"

"नाही."

तो परत आला तो ढालीवर निजून. भाला उजव्या बगलेतच शिरला होता. जखम भरली, पण त्यानंतर हात खांद्यापर्यंतच जायचा. "हात वर गेला म्हणून मी भालेवाल्याला आधी पाडलं," तो सांगायचा. "नाहीतर भाला आरपार गेला असता." ती ऐकून घ्यायची आणि दोऱ्याला मेण ओढत राहायची. तिला ते पटलं होतं की नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा अंगरखा घालून हात वर न्यायचीच.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. लॉख्लन लोणी घेऊन भेटायला आला. त्याच्या सदऱ्याची बाजू उसवलेली दिसताच ती कोपरावर रेलून उठली आणि तिने सुई मागितली.

"राहू दे गं ताई."

"हात वर कर."

त्याने खांद्यापर्यंत नेला.

"बास, तेवढाच. आता हलू नकोस."