जिन्यातलं कपाट

आमच्या गाळ्यात सगळे त्याला दादा म्हणायचे. शेठसुद्धा. मी म्हणत नव्हतो. तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि माझ्या घरात मी थोरला. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा मला दोन पोरं झालेली होती. अशा माणसाला दादा म्हणायला माझी जीभ वळेना. आमचं बिनसलं ते बहुतेक तिथूनच.

गाळा विरार पूर्वेला होता, मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीपासून चालत जाण्याइतका. तिथे लोखंडी कपाटं व्हायची. नव्वद सालानंतरचे ते दिवस. जिकडे बघावं तिकडे चार माळ्यांच्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. मुंबईतून, कोकणातून, घाटावरून आलेली माणसं खोलीचा ताबा मिळाला की आधी देवाचा फोटो लावायची आणि मग कपाट घ्यायची. गाळ्यात आम्ही मोजकेच: शेठ, एक वेल्डर, एक रंगारी, तो आणि मी. पत्रा कापायला, वाकवायला आम्ही हात लावायचो, पण त्याचं आणि माझं खरं काम म्हणजे तयार कपाट टेम्पोतून न्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरात नेऊन उभं करायचं. त्या बिल्डिंगींना लिफ्ट कुठली. जिना.

जिन्यातून कपाट चढवायला दोन माणसं लागतात. वरचा दोर धरून उलटा चढतो आणि रस्ता सांगतो. खालचा छातीला आणि खांद्याला कपाट लावून रेटतो. ज्यांनी कधी उचललं नाही त्यांना वाटतं ओझं निम्मं निम्मं होत असेल. होत नाही. सगळा भार खालच्यावर येतो, आणि त्याला पायरीही दिसत नाही, डोळ्यांसमोर फक्त पत्रा.

तो कायम वर आणि मी कायम खाली. माझ्या आधी दोघेजण त्याच्या खाली होते. एकाची कंबर धरली, तो गावी गेला. दुसऱ्याने एक दिवस दुपारी डबा उचलला तो परत आलाच नाही. हे मला रंगाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ब्रश धुता धुता, मान वर न करता म्हणाला, "आता तुम्ही. सांभाळा."

माझी शाळा तिसरीपर्यंत. हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण त्या दिवसापासून माझं नाव तिसरी झालं. "ए तिसरी, दोर आण." "तिसरी, गोणपाट घे खाली, रंग खरवडला तर तुझ्या बापाचा नाय तो." तो स्वतः दहावीला बसला होता. पास झाला का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नावाचं मला फार वाटत नव्हतं. गावाला यापेक्षा वाईट नावं ऐकलेली होती. मला लागायचं ते त्याचं शेवटचं वाक्य. जिन्यात माझा श्वास फुलला की वरून म्हणायचा, "नाय जमत तर जा ना घरी. बाहेर लाइन लागलीय."

नाही म्हणालो तर काम गेलं. गप्प राहिलो तर आधीच्यासारखी कंबर जाणार. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरं काम कोण देतो? मी शेठकडे गेलो. म्हटलं, "एक माळा तो खाली, एक माळा मी. एवढंच सांगा त्याला." शेठ कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "तुम्ही दोघं आपसात बघा बुवा. तो जुना माणूस आहे."

घरी बायको खांद्याला तेल चोळायची. ती म्हणाली, "सोडा ते. आगाशीला भावाच्या वाडीत केळी आहेत, भाजी आहे. तो काय नाही म्हणणार आहे?"

"मेव्हण्याच्या वाडीत पाणी लावायला जाऊ?"

"मग काय त्या मेल्याच्या पायाखाली मरणार?"

"मरणार नाही. जाणारही नाही," मी म्हटलं. तिने तेलाची वाटी जरा जोरातच खाली ठेवली.

मला ते काम येत होतं, ही गोष्ट तिला समजावता येईना. कपाट कुठे कलतं करायचं, वळणावर कसं उभं करून फिरवायचं, हे मला चांगलं जमत होतं. जे जमतं ते दुसऱ्याच्या माजापायी सोडायचं कशाला, असा माझा हिशोब. चूक असेल. पण होता.

मग तो दिवस आला. मे महिना. चौथ्या माळ्यावर एका नव्या संसाराचं कपाट होतं, दाराला पूर्ण उंचीचा आरसा. बिल्डिंगीत नळाला पाणी नव्हतं, तेव्हा विरारला कुठेच धड नव्हतं. बायका टँकरची वाट बघत खाली हंडे मांडून बसल्या होत्या. आम्ही त्यांच्यामधून वाट काढत कपाट आत घेतलं.

पहिला माळा चढलो. पुढच्या पायऱ्यांवर माझा पाय सरकला. मी ओरडलो, "थांब." तो थांबला नाही, उलट दोर ओढला. कपाटाची कड माझ्या गळ्याच्या हाडावर आपटली.

"थांब म्हटलं ना."

"थांबायला हे काय टेशन हाय? चल, तिसरी, चल."

तसेच वळणापर्यंत आलो. तिथे कपाट उभं करावंच लागतं, नाहीतर फिरत नाही. बिल्डरने जिन्यात इतका हात आखडला होता की कपाट उभं केल्यावर वळण बंद. बाजूने फार तर हात जाईल. तो वरच्या पायऱ्यांवर राहिला, मी खालच्या. आरसा माझ्या बाजूला आला. त्यात मला माझं तोंड दिसलं. गळ्याखाली लाल वळ, आणि शर्टाचं बटण तुटलेलं. सकाळीच बायकोने लावलं होतं ते.

मी कपाटावरचा हात काढला आणि पायरीवर बसलो.

"काय झालं?" पलीकडून आवाज आला.

"आता मी वर येणार. तू खाली."

तो हसला. मग त्याला कळलं की मी बसलोय. त्याने पत्र्यावर थाप मारली. "ऊठ. शेठला सांगतो. उद्यापासून येऊ नको."

"सांग. पण त्यासाठी आधी खाली यावं लागेल."

कपाट एकट्याने हलण्यातलं नव्हतं. कठड्यावरून टांग टाकून उतरता आलं असतं, पण त्याचं पोट बरंच सुटलेलं होतं. त्याने एकदा पाय वर करून बघितला आणि परत खाली ठेवला.

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला.

हे मी हिशोबात धरलं नव्हतं. मी अडवायला बसलो होतो त्याला, आणि आता भरलेले हंडे घेऊन बायका चढू लागल्या. पहिली आली ती जाडसर, कपाळावर मोठं कुंकू. तिने कपाट बघितलं, मला बघितलं.

"काय हो, दुकान मांडलंत काय जिन्यात?"

मी उठून उभा राहिलो. "काकू, जरा भांडण आहे आमचं."

"भांडण तुमचं, पाणी आमचं. टँकर काय तुमचा सासरा आहे थांबायला?"

पलीकडून तो लगेच ओरडला, "बघा ना ताई, हा म्हातारा कामच करत नाय."

पाणी अडवणारा माणूस मी नव्हे. क्षणभर वाटलं, आज राहू दे, उचलू आणि जाऊ. पण आज उचललं असतं तर पुन्हा कधीच बसता आलं नसतं, हेही मला कळत होतं. त्या बाईच्या कमरेवरचा हंडा बघितला आणि एकदम सुचलं. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांच्या मध्ये कठडा होता, त्यावरून हंडा सहज पलीकडे जाईल.

"द्या इकडे," मी म्हटलं. हंडा घेतला, कठड्यावर टेकवला आणि त्याला म्हणालो, "धर. काकूंच्या घरी पोचव."

"मी? मी काय पाणक्या आहे?"

काकू कठड्यावरून वाकल्या. "वर तुम्हीच आहात ना? मग कोण नेणार, मी उडून जाऊ? चौथा माळा, डावीकडचं दार. सून आहे घरात. सांडू नका."

त्याने धरला. दुसरं काय करणार? हंडा पलीकडे गेलेला आणि खाली सगळ्या उभ्या. तो गेला, आला, तोवर दुसरा हंडा कठड्यावर तयार. मग कळशी. मग पुन्हा हंडा. मी खालून उचलून द्यायचो, माझीही पाठ दुखत होतीच, पण चढायचं त्याला होतं. मधूनच एक तरुण बाई म्हणाली, "भाऊ, माझा तिसरा माळा आहे, घाबरू नका," आणि सगळ्या हसल्या. कुणीतरी विचारलं, भांडण कशाचं? मी सांगितलं, हा कधी खाली येत नाही. काकू म्हणाल्या, "एवढंच?" आणि पुढचा हंडा माझ्या हातात दिला.

हळूहळू त्याचं बोलणं बंद झालं. फक्त चपलांचा आवाज यायचा, चढताना सावकाश, उतरताना त्याहून सावकाश. टँकर रिकामा झाला तेव्हा तो पलीकडच्या पायरीवर बसला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. मीही माझ्या पायरीवर बसलो, मध्ये कपाट.

"पुढच्या माळ्याला मी खाली येतो," तो म्हणाला.

"आता ये. आणि यापुढे दर माळ्याला बदल."

"लय माज आलाय तुला, तिसरी."

"असेल."

त्याने नाक पुसलं, उठला आणि त्याच्या बाजूने कपाट धरलं. आम्ही ते जरा तिरकं केलं, तो पोट आत ओढून माझ्या बाजूला आला आणि मी वर गेलो. जाताना त्याच्या घामाचा आणि नव्या रंगाचा वास एकदमच आला.

वरचं टोक मी पहिल्यांदाच धरत होतो. खरं सांगायचं तर तेही अगदी हलकं नव्हतं. उलटं चढताना पाय चाचपावे लागतात, दोर तळहात कापतो. दोन पायऱ्या चढलो नाही तोच खालून आवाज आला, "थांब, थांब."

मी थांबलो. दोर धरून उभा राहिलो, त्याने पाय नीट रोवला, "हं" म्हणाला, मग ओढलं.

दुसऱ्या दिवशी त्याने शेठना सांगितलंच. शेठनी मला बोलावलं. "जिन्यात बसलास म्हणे?"

"बसलो."

"गिऱ्हाइकाच्या दारात तमाशा?"

"कपाट पोचलं. रंगाला चरा नाही. आरसा शाबूत आहे. फोन करून विचारा." आणि पुढे म्हटलं, "पुन्हा तो वरच राहिला तर पुन्हा बसेन. काढायचं असेल तर आज काढा."

शेठनी फोन केला नाही आणि मला काढलंही नाही. कॅलेंडरकडेच बघत बसले. बाहेर आलो तर रंगारी एका दाराला रंग मारत होता. मला बघून त्याने ब्रश जरासा वर केला आणि पुन्हा कामाला लागला.

त्याच दिवशी संध्याकाळी स्टेशनजवळ एक कपाट द्यायचं होतं. टेम्पो बिल्डिंगीपाशी लागला. त्याने सवयीने दोर उचलला आणि दोन पायऱ्या चढून उभा राहिला. काल काही झालंच नाही अशा थाटात. मी कपाटाला हात लावला नाही. टेम्पोला टेकून हाताची घडी घालून उभा राहिलो. काल शेवटी तो खाली होता, म्हणजे आज सुरुवातीला खाली मी, असं तो म्हणू शकला असता आणि मी मानलंही असतं. पण तसं म्हणायचं तर कालचं कबूल करावं लागलं असतं.

टेम्पोवाल्याने दोघांकडे बघितलं आणि बिडी काढली.

थोड्या वेळाने त्याने दोर माझ्या पायाशी टाकला. "घे. पहिला माळा तुझा वर."

मी दोर उचलला.

पुढे कित्येक वर्षं आम्ही एकत्र कपाटं चढवली. तो मला तिसरीच म्हणायचा आणि मी त्याला दादा कधीच म्हटलं नाही. बाकी बोलणं फारसं नव्हतं. वळण आलं, कपाट उभं केलं, की खाली असेल तो म्हणायचा, "बदल."