खुर्चीमागचा तुकडा

“नजर हटली, हात थांबले,” असं तो उठता-बसता म्हणायचा. कापड रंगवायचा तो कारखाना त्याच्या सासऱ्यांचा. इस्पितळाने मागवलेलं निळं कापड धड उतरलं तर कारभार जावयाकडे, नाहीतर मेहुणीकडे, असं सासऱ्यांनी सगळ्या घरादेखत सांगून टाकलं होतं.

नियंत्रण म्हणजे पाळत, एवढंच जावयाच्या डोक्यात शिरलं होतं. डोक्यात जागाही तेवढीच. सुताराकडून त्याने एक उंच खुर्ची करून घेतली आणि भिंतीला पाठ लावून तिच्यावर चढून बसला. त्याच भिंतीवर, बरोबर त्याच्या टाळूच्या वर, इस्पितळाने नमुना म्हणून दिलेला निळा तुकडा खिळ्याला लटकत होता. दर खेपेचं कापड त्या तुकड्याशी ताडून पाहायचं आणि चुकलं तर रंग सुधारायचा, हेच खरं काम. पण त्यासाठी मान वळवावी लागते, आणि मान वळवली की नजर हटते.

कामावरच्या बाया त्याला बुजगावणं म्हणत. मला ते पटत नाही. बुजगावण्याला निदान पाखरं तरी भितात, आणि ते पिकाच्या वाटेला जात नाही.

एका सकाळी हौदातून कापड जांभळट निघू लागलं. रंगारीण मावशी हात पुसत खुर्चीपाशी आली.

“साहेब, मागचा तुकडा काढून द्या जरा. रंग भलताच चढतोय.”

“हौद सोडून फिरताय, मावशी. मी बघतोय सगळं.”

“कापड सोडून सगळं बघताय.”

कोणीतरी फिसकन हसलं. झालं, त्याने मावशीला घड्या घालायच्या खोलीत धाडलं आणि खुर्चीजवळ कोणी फिरकायचं नाही असा हुकूम सोडला. मग कोणी फिरकलं नाही. कोणी तोंड उघडलं नाही. अशी शिस्त त्या कारखान्यात कधी लागली नव्हती, आणि त्या शिस्तीत अख्खं कापड जांभळं झालं.

संध्याकाळी सासरे आले. जावयाच्या डोक्यावरून हात नेऊन त्यांनी तुकडा काढला आणि ओल्या कापडावर ठेवला.

“मामा, दिवसभर एक माणूस जागचा हलला नाही,” जावई म्हणाला.

“तुम्हीही नाही, जावईबापू. उतरा आता.”

तो उतरला. फाटकापाशी त्याने सवयीने वळून पाहिलं. मावशी पुन्हा हौदाशी आली होती, शेजारी मेहुणी तुकडा धरून उभी, आणि दोघींच्या माना कापडावर. सासरे तेवढे त्याच्याकडे बघत होते, खुर्चीसाठी परत फिरतो की काय म्हणून.