चार्जरसकट वजन

माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं पटत नाही. लोकांना वाटतं, जमिनीचं काहीतरी असणार. तसं काही नाही. आमचं उघड बिनसलं ते एका लॅपटॉपवरून. आतून बिनसायला त्याच्या आधीच सुरुवात झाली होती.

मी पीयूसी, म्हणजे बारावी, पास झाले आणि बेळगावच्या एका कॉलेजात बीसीएला माझा नंबर लागला, तेव्हा हा भाऊ, अण्णा, बेळगावातच होता. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी त्याचे विषय राहिले, ते पुढं निघालेच नाहीत, आणि तो एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागला. तिथंच खोली करून राहायचा, एक सोडून एका रविवारी मोटरसायकलवरून घरी यायचा. माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी त्यानं आमच्या वडिलांना, आप्पांना, सांगितलं होतं की हिला डिग्रीला घालून काय उपयोग, एखादा छोटा कोर्स लावा, लवकर कामाला लागंल. मी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होते. मला ऐकू जातंय हे त्याला माहीत होतं. आप्पांनी अ‍ॅडमिशन घेतली, पण त्याचं ते बोलणं मी विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

आमची वाडी जांबोटीच्या पुढं, आत आहे. बस फाट्यावर थांबते. फाट्यापासून घरापर्यंत पाऊण तास चालायचं, मधे एक ओढा आणि एक अंगावर येणारा चढ. सकाळची बस गेली की दिवस गेला. हॉस्टेलला आप्पांची तयारी नव्हती, म्हणून मी रोज जाऊन येऊन शिकायचं ठरलं. पहिलं सेमिस्टर असंच पार पडलं. मग कॉलेजनं सांगितलं की आता प्रत्येकाकडं स्वतःचा लॅपटॉप लागेल, आणि तो रोज आणावा लागेल.

पैसे आई-आप्पांनी आधीच बाजूला ठेवले होते. भांडण पैशांचं नव्हतं. भांडण हे होतं की निवडायचा कुणी. आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच, अण्णा. तो पुढच्याच रविवारी आला आणि जेवता जेवता सांगून टाकलं की त्यानं एक बघून ठेवलाय. मोठा पडदा, आकड्यांची बटणं वेगळी, गेमसुद्धा चालतील असली ताकद. लई दणकट आहे, दहा वर्षं बघायला नको, म्हणाला.

मी विचारलं, वजन किती?

तो हसला. "वजन बघून घ्यायला कोंबडी हाय व्हय ती?"

आप्पा हसले. आईपण हसली. मी ताटावरून उठले नाही, पण त्या हसण्याचा राग मला आजही येतो.

दुसऱ्या दिवशी मी काजूच्या बिया तोलायचा आमचा हुकाचा काटा खुंटीवरून काढला आणि माझी कॉलेजची पिशवी त्याला अडकवली. वह्या, दोन पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, छत्री. साडेतीन किलो भरली. मग पिशवीत दोन किलो तांदळाची थैली घातली आणि फाट्यापर्यंत चालून आले. चढावर पट्टा खांद्यात रुतायला लागला, आणि घरी पोचले तेव्हा मान वळत नव्हती. तिसऱ्या दिवशी दीड किलो घातले. ते जमलं. म्हणजे मला दीड किलोच्या आतबाहेरचा लॅपटॉप पाहिजे होता. कॉलेजातल्या एका पुढच्या वर्गातल्या मुलीनं त्यात भर घातली. कागदावर लिहिलेल्या वजनात चार्जर धरलेला नसतो, ती म्हणाली. अण्णा सांगतोय तसल्या मोठ्या मशीनचा चार्जर विटेएवढा असतो, आणि बॅटरी लवकर उतरते म्हणून तो रोज न्यावाच लागतो. तिनं मला सांगितलं की चौदा इंची पडद्याचा, साधा, बॅटरी दिवसभर पुरेल असा बघ. तू करणार आहेस त्या कामाला गेमची ताकद लागत नाही.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अण्णाला विचारू.

शनिवारी आप्पा, अण्णा आणि मी बेळगावात एका लॅपटॉपच्या दुकानात गेलो. दुकान अण्णाच्या ओळखीतलं होतं. मालक पन्नाशीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला. तो अण्णाशीच बोलत होता. लॅपटॉप माझ्यासाठी आहे हे सांगूनसुद्धा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. अण्णानं ठरवलेला लॅपटॉप काउंटरवर आला. खरंच मोठा होता, आमच्या भाकरीच्या परातीएवढा वाटला मला. मी पिशवीतून काटा काढला, लॅपटॉप आणि चार्जर एका कापडी पिशवीत घातले आणि हुकाला लावले. तीन किलोच्या पुढं काटा गेला. मग शेल्फवरचा एक लहान, राखाडी रंगाचा दाखवायला सांगितला. तो चार्जरसकट पावणेदोन किलोही भरला नाही. ठरवलेल्यापेक्षा थोडा जास्त, पण मला चालण्यासारखा.

मालक आता पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "आक्का, हा भाजी मार्केट न्हाय." मग अण्णाकडं वळून कन्नडमध्ये म्हणाला की खेड्यातल्या लोकांना वस्तू दाखवायचीच सोय नाही. अण्णा त्याच्याबरोबर हसला. मी कन्नडमध्येच मालकाला म्हटलं की मला समजतंय, आणि ही पिशवी तुम्ही उचलून पाऊण तास चालणार असाल तर मी हाच घेते.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती बघायला लागली. अण्णाचं तोंड लाल झालं. त्यानं माझ्या हातातून काटा ओढून घेतला आणि दात आवळून म्हणाला, "माझी लाज काढायला आलीस व्हय हितं?"

मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, आता ते बोलतील. ते रोज त्याच वाटेनं दुधाची किटली घेऊन फाट्यावर जायचे. ओझं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते म्हणाले की त्याला त्यातलं कळतंय, तो म्हणतोय तोच घेऊ. मोठा लॅपटॉप घेतला. घरी जाताना बसमध्ये मी तो मांडीवर घेतला नाही. आप्पांनी घेतला.

पुढचे पाच महिने मी तो वाहिला. सविस्तर काय सांगायचं. बसमध्ये जागा मिळायची नाही, तेव्हा पिशवी पोटाशी धरून उभी राहायचे आणि कंडक्टर रोज म्हणायचा की कुणाच्या तरी मांडीवर दे. तीन किलोचं ओझं अनोळखी माणसाच्या मांडीवर कसं द्यायचं? पावसात लॅपटॉप खताच्या पिशवीच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे. वर्गात भिंतीजवळच्या जागेसाठी भांडायचे, कारण दीड तासात बॅटरी संपायची आणि प्लग भिंतीजवळच असायचे. पट्टा दोनदा तुटला. मग उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी हात वर-खाली करून बघितला आणि विचारलं की रोज काय उचलतेस. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, औषधापेक्षा पिशवी हलकी कर.

हे आईनं अण्णाला फोनवर सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता. "तिला सवय न्हाय. चार दिवसांत हुईल," असं तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. रविवारी तो आला की मी मागच्या दारी जाऊन बसायचे. त्याला फरक पडत नव्हता. उलट तो आता जास्त वेळा येऊ लागला होता. आधी महिन्यातले दोन रविवार यायचा, आता दर रविवारी, कधी शनिवारी संध्याकाळीच. आईला बरं वाटायचं. मी मात्र बघत होते की आल्याबरोबर तो लॅपटॉप मागून घेतो आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाही. अपडेट करतोय, साफ करतोय, असं म्हणायचा.

एका रविवारी तो अंघोळीला गेला होता आणि लॅपटॉप उघडा होता. त्यात त्यानं स्वतःच्या नावाचं वेगळं खातं केलं होतं, त्याला पासवर्ड होता, आणि पडद्यावर माझ्या नावाच्या वर त्याचं नाव होतं. अर्धीअधिक जागा त्याच्या गेमनी भरली होती. माझा प्रोजेक्ट सेव्ह होत नव्हता तो त्यामुळंच. मी आठवडाभर त्याचं कारण शोधत होते.

तो डोकं पुसत बाहेर आला. बोलणं बंद केल्यापासून पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले. म्हटलं, "हा तू माझ्यासाठी घेतलाच न्हवतास."

तो आधी म्हणाला की काय डोकं फिरलंय का. मग मी पडदा त्याच्याकडं वळवला. आई दारात आली होती, आप्पा ओट्यावर होते. अण्णानं टॉवेल खांद्यावर टाकला. तो मला नाही, आप्पांना म्हणाला, "मला कवा घेऊन दिलासा? दुसऱ्याच्या मशीनवर हात जोडून प्रॅक्टिकल केलं मी. असला असता तर मी बी पास झालो असतो."

ते खरं होतं. त्याच्या वेळी घरात तेवढं काही नव्हतं आणि त्यानं मागितलंही नव्हतं. आज मला वाटतं की मी तिथं थांबायला पाहिजे होतं. पण माझी दोन बोटं बधिर होती आणि दुकानातलं त्याचं हसणं माझ्या कानात होतं. मी म्हटलं की नापास तू झालास, त्याची शिक्षा मी वाहायची का? लॅपटॉप बंद केला, चार्जर गुंडाळला, दोन्ही त्याच्या बॅगेत कोंबले आणि बॅग त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवली.

आप्पा मला ओरडायला उठले. आईनं त्यांना थांबवलं. आई सहसा असल्यात पडत नाही. ती अण्णाला म्हणाली, "तू घेऊन जा त्यो. आणि हिला काय पायजे ते आता हीच बघंल."

तो जेवला नाही. गाडी काढली आणि गेला. पैशांचं त्यानं आणि आप्पांनी आपसात काय केलं ते मी विचारलं नाही.

महिनाभर मी कॉलेजच्या लॅबमध्ये, जागा मिळेल तसं काम केलं. मग आईनं बाजूला टाकलेले पैसे घेऊन आम्ही दोघीच बेळगावात गेलो, वेगळ्या दुकानात. तिथली मुलगीसुद्धा काही गोड बोलली नाही. आईच्या पायातल्या चपला बघूनच तिनं स्वस्तातले खाली काढले. मी पाच-सहा लॅपटॉप हातात घेऊन बघितले. हातात सगळेच हलके लागतात. आई म्हणाली की डोक्यावर भारा घेतल्यावर पहिल्या दहा पावलांत कधीच काही कळत नाही. तिनं त्यातला एक चार्जरसकट माझ्या पिशवीत घालायला लावला, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि दुकानाचा जिना चढायला-उतरायला लागली. मुलगी म्हणाली की असं चालत नाही. आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वॉचमन तिच्या मागं मागं चढत-उतरत होता, ती पळून जाईल म्हणून. सातव्या-आठव्या खेपेला तिनं तो उतरवला आणि मानेनं नाही म्हणाली. दुसरा घेतला. तसेच जिने केले. कपाळावर घाम आला होता, पण ती म्हणाली, ह्यो चालंल.

तो चौदा इंची होता. पडदा लहान, बटणं थोडी मऊ, दिसायला काही खास नाही. चार्जर मुठीत मावायचा आणि बहुतेक दिवस घरीच राहायचा. बोटांच्या मुंग्या जायला चार महिने लागले. डिग्री मी त्याच्यावरच पूर्ण केली, आणि बेळगावातली आत्ताची नोकरी लागली त्या मुलाखतीलाही तोच घेऊन गेले होते.

शेवटच्या वर्षी त्याची बिजागरी तुटली. अण्णाचं दुकान बसस्टँडपासून दहा मिनिटांवर होतं, आणि बिजागरीचं काम त्याच्याइतकं चांगलं कुणी करत नाही असं गिऱ्हाइकंच सांगायची. मी त्याच्या दुकानावरून पुढं गेले आणि दोन गल्ल्या सोडून एका अनोळखी माणसाकडं दिला. त्यानं बिजागरी बसवली ती जरा वाकडीच बसवली. हे अण्णाला कळलं. तो आईला म्हणाला की एवढं वैर बरं नव्हं. आईनं ते मला सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.

आता तो लग्न होऊन बेळगावातच असतो. सणाला घरी एकत्र बसतो, वाढ म्हटलं की वाढते, पाणी मागितलं की देते. त्याच्या बायकोशी माझं चांगलं आहे. तिनं एकदा विचारलं की तुमचं नेमकं झालं काय. मी तिला हे सगळं सांगितलं, लॅपटॉप, दुकान, बोटं. शेवटी ती म्हणाली की तो मोठा लॅपटॉप अजून घरात आहे, कपाटावर, चालत नाही, आणि ह्यांना तो काढून टाकवत नाही. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.