कोवळ्या जटेचं न्हाणं

मी पुण्याला निघाले त्या दिवशी बारामतीच्या स्टेशनात दौंडची गाडी उभी होती आणि आई मला डोकं कसं धुवायचं ते सांगत होती. हौसा, तू तेव्हा तात्यांच्या आडोशाला उभी राहून रडत होतीस, म्हणून तुला ते ऐकू आलं नसेल. मुलगी परगावी निघाली की आया सांगतात, नवऱ्याला जप, पोरीला जप. आपल्या आईने माझ्या जटेला जपायला सांगितलं.

"कवळी हाय आजून. आठवड्यातनं एकदाच धू. रिठ्याचं पाणी घे. साबण नगं, त्याल तर न्हाईच न्हाई. आन् पार वाळस्तवर उन्हात बस. वल्ली बांधू नगंस, बाई."

जट आली ती त्याआधी, इंदापूरला सासरी. शकू दोन वर्षांची होती आणि तीन आठवडे तापाने फणफणत होती. मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही आणि तेवढ्या दिवसांत केसांना फणी लागली नाही. ताप उतरला त्या सकाळी सासूबाईंनी माझ्या मानेवरचा गुंता पाहिला आणि हात जोडले. देवीने पोर परत दिली आणि सुनेच्या डोक्यात जागा घेतली, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही ठरवलं. जट गेली तर शकू जाईल, असं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

तिथे जटेचं कौतुक होतं. शुक्रवारी परसात पाट मांडला जाई, रिठे आदल्या दिवशीच भिजत पडलेले असत. मुळापासून शेंड्याकडे दाबत पाणी निथळायचं, पिळायचं नाही. पाण्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून ते लिंबाच्या बुडाशी ओतायचं. मग उन्हाकडे पाठ करून मी अर्धा दिवस बसे आणि मला कुणी काम सांगत नसे. खरं सांगते, लग्नानंतर एवढा आराम मला दुसऱ्या कशाने मिळाला नव्हता.

पुण्यात यांना छापखान्यात नोकरी लागली आणि भवानी पेठेत एक खोली. नळाला पाणी सकाळी तासभर, तेही रांगेत. लिंबाचं झाड कुठलं आणायचं? मी धुतलेलं पाणी बादलीत झाकून नदीपर्यंत नेऊ लागले, तेव्हा चाळीतल्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. ऊन म्हणशील तर गॅलरीत कठड्याएवढी एक पट्टी यायची. तिथे केस सोडून बसले की येणारा-जाणारा थबके. एकीने तर स्वच्छच विचारलं, "अहो, तुमच्याकडे विंचरायची पद्धत नाही का?" त्या दिवसापासून मी ओली जट तशीच बांधायला लागले आणि वरून पदर घट्ट ओढून घ्यायला लागले.

आई नको म्हणाली होती तेच केलं. पण तेव्हा मला वाटे, ही देवीची वस्तू, हिला काय व्हायचंय? वास यायला लागला तेव्हा मी हळद थापली. खाज सुटली तेव्हा आणखी थापली. आपलंच काही चुकलं म्हणून देवी रागावली असेल, असं समजून दोन शुक्रवार उपास केले. पावसाळ्यात तर जट वाळलीच नाही. आतून टाळूला फोड आले, ते पिकले, मान सुजली आणि ताप भरला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला नाही, याचे मला आजही उपकार वाटतात. "हे आज काढायला हवं," एवढंच त्या म्हणाल्या. मी उठून घरी आले. हे म्हणाले, तुझ्या मनाला येईल तसं कर. त्यांची नजर मात्र शकूवर होती. ती दारात बसून भातुकली मांडत होती. डोकं ठणकत असतानाही मी तिच्या कपाळाला पुन्हापुन्हा हात लावून बघत होते. शेवटी यांनी तात्यांना पत्र घातलं.

आई एकटी आली. ज्या बाईने दौंडच्या पुढचा मुलूख कधी पाहिला नव्हता ती पत्ता विचारत भवानी पेठेत आली. आल्या आल्या तिने गरम पाणी मागितलं, मला मोरीत बसवलं आणि माझं डोकं धुवायला घेतलं. रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती पाणी ओतत राहिली. हळद सुटली, खपल्या सुटल्या आणि खालचं तिला दिसलं. तिचा हात थांबला. मग तिने शेजारणीकडून कात्री आणायला सांगितली.

मी तिचा हात धरला. "आई, शकू."

"तू कापलीस न्हाईस," ती म्हणाली. "म्या कापली. देवीनं इचारलं तर माझं नाव सांग."

जट पिवळ्या फडक्यात बांधून ती घेऊन गेली आणि कऱ्हा नदीत सोडली. गावात सांगितलं की मोठ्या दवाखान्यात काढली. तूही तेच धरून चालली आहेस.

हौसा, परवा माहेरी, कऱ्हाटीला आले तेव्हा तू तक्रार केलीस. आई आता देवीच्या देवळाची पायरी चढत नाही, गुडघे दुखतात म्हणते आणि सुप्याच्या बाजाराला मात्र चालत जाते. तू पाण्याला गेल्यावर मी तिला विचारलं. ती शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"म्होरं उभी ऱ्हायले तर ती जट मागंल. मागितली म्हंजे काय तरी द्यावं लागंल. त्यापरीस न गेलेलं बरं."

जन्मभर जिने देवीला ओटी भरल्याशिवाय सणाचा घास घेतला नाही, ती चार वर्षं देवीला चुकवते आहे. शकू शाळेत जाते, धडधाकट आहे. आणि कऱ्हाटीहून पत्र आलं की मी आधी त्यात आईची खुशाली शोधते, मग बाकीचं वाचते. इथे माझं मन लागत नाही आणि तिथे आईच्या तोंडाकडे बघवत नाही. तू तिला देवळात चल म्हणून आता भरीला घालू नकोस. तिला घरीच राहू दे.