यादवची दोन मिनिटं

राजपुऱ्यातल्या यादवच्या सीडीच्या दुकानात मी गेलो तो भांडायच्या तयारीनेच.

भाची कुसुमच्या लग्नात मला, सख्ख्या मामाला, टोपी-टॉवेलचा मान मिळाला नाही. त्या रागाने आठ महिने मी लोधीपुऱ्यात बहिणीच्या घरी पाय ठेवला नव्हता. बहीण धुरपदा सांगे, माइकवर नाव पुकारलं होतं. मी म्हणे, साफ खोटं. शेवटी तिने पुरावा म्हणून लग्नाची सीडी धाडली. घरच्या मशीनमध्ये घातली, तर पडदा काळाच. कोरी सीडी पाठवून बाई माझी थट्टा करते? माझं डोकंच फिरलं.

यादवने ती उजेडासमोर तिरपी धरून पाहिली. पंधरा वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस. कापडातली खोट शोधायची नजर अजून गेली नव्हती.

"कोरी नाही काका. ही डीव्हीडी आहे, तुमची मशीन व्हीसीडीवाली. बदलून देतो. पण एकीच्या तीन होतील, एकीत मावणार नाही."

"म्हणजे मधलं गाळायला तू मोकळा!"

त्याची सासुरवाडी लोधीपुऱ्याची, ही चौकशी मी आधीच केली होती. म्हणजे बहिणीचाच माणूस.

यादवला हे बोलणं नवं नव्हतं. एकदा एका वरपक्षाने 'आमची वरात कापली' म्हणून त्याची कॉलर धरली होती. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला समोर बसवून सगळं दाखवी, आणि प्रत्येक नवी सीडी मागच्या सीडीची शेवटची दोन मिनिटं पुन्हा घेऊन सुरू करी, म्हणजे कापल्याचा आळ नको. विश्वास त्याचाही कोणावर नव्हता. मूळ सीडीवर त्याने माझी सही घेतली, उद्या 'बदलली' म्हणू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर ठाण मांडून बसलो. हळद झाली, मंगलाष्टका झाल्या, आहेर सुरू झाले. माइकवर आवाज आला, "नवरीचे मामा सुकलालभाऊ, मांडवात या!" आणि पडदा काळा.

मी ताडकन उठलो. "हेच! इथंच कापलंस!"

यादवने दुसरी सीडी घातली. तेच आहेर पुन्हा आले, माझं नाव पुन्हा आलं, आणि थोड्या वेळाने माइकवर दुसऱ्यांदा पुकारलं. दोन्ही हातांत टोपी-टॉवेल धरून धुरपदा उभी होती. मान उंच करून दाराकडे बघत होती. कोणीतरी तिला बाजूला केलं, बाकीच्यांचे मानपान उरकले. ती तशीच उभी. फोटो काढतानाही टोपी-टॉवेल हातात. तिसऱ्या सीडीत लेक निघाली, तेव्हा माय रडत होती आणि टॉवेल बगलेत होता.

आणि मी? मी मांडवामागे पाण्याच्या टाकीजवळ बसलो होतो. नाव मला ऐकू आलं होतं, दोन्ही वेळा. पण मामाला हाताला धरून न्यायची आमच्यात रीत. न्यायला कोणी आलं नाही, म्हणून रुसलो. पुढे आठ महिने 'पुकारलंच नाही' असं इतक्यांदा सांगितलं, की मलाच ते खरं वाटू लागलं.

"काका, कुठे काही कापलंय?"

"नाही रे बाबा."

"मग तसं लिहून द्या."

लिहून दिलं. मान वर करायची लाज वाटत होती.

तिथून थेट लोधीपुऱ्याला गेलो. धुरपदाने दार उघडलं, मला पाहिलं आणि आत गेली. पेटीतून टोपी-टॉवेल घेऊन आली. घडी मोडलेली नव्हती. टोपी माझ्या डोक्यावर ठेवत म्हणाली, "किती येळ उभी ठेवली रे भाऊ मले!"