रामटेके मॅडम कोणाच्या?

ललिता रामटेके छत्तीसगढी मुलखातल्या सुपेल्याहून सकाळची बस पकडायच्या आणि नंदिनीच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा गावात उतरायच्या. तिथल्या सरकारी शाळेत बारा वर्षं त्या पाचवीचा वर्ग सांभाळत होत्या. घरी मराठी, वर्गात हिंदी, आणि पोरं रुसली-रडली की छत्तीसगढी. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की लोक त्यांच्याकडेच यायचे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

चौऱ्याण्णव साली पंचायतीची निवडणूक आली आणि गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. एकीकडे दुकानदार तेजराम साहूची बायको चंपा उभी राहिली, दुसरीकडे चुनखडीच्या खाणीत राबणारी गयाबाई. गयाबाईला सही करायला ललिताबाईंनीच साक्षरतेच्या वर्गात शिकवलं होतं. त्या हक्कानं ती आली आणि पत्रक लिहून द्या म्हणाली. दोन दिवसांनी तेजराम आला, त्याला मिरवणुकीसाठी शाळेतली मुलं हवी होती. ललिताबाईंनी दोघांनाही नाही म्हटलं. तेजराम बदलीची भाषा बोलून गेला. गयाबाई मात्र नुसती हात जोडून उठून गेली, आणि ललिताबाईंना तेच जास्त लागलं. मनातून त्या तिच्याच बाजूच्या होत्या. गंमत म्हणजे त्या गावात त्यांचं मतच नव्हतं. नाव सुपेल्याच्या यादीत होतं.

नवरा, आनंदराव, म्हणाला, "तुले तं गयाबाईच पाहिजे ना? मंग लिहून कावून देत नाहीस?"

"मी पाचवीत होती तवा आमचे गुरुजी एका पार्टीचे होते," ललिताबाई म्हणाल्या. "दुसऱ्या पार्टीच्या घरची पोरं वर्षभर मागं बसली. मी त्यातलीच. माझ्या वर्गात कोणी तसं बसणार नाही."

पण पोरं आपणहूनच वेगळी बसू लागली. चंपाचा मुलगा नरहरी खिडकीकडे, गयाबाईची नात कमला दाराकडे, आणि अर्धा अर्धा वर्ग त्यांच्यामागे. एक दिवस कमलानं उभं राहून विचारलंच, "मॅडम, तुम्ही कोणाच्या?"

"ते मी सांगणार नाही," ललिताबाई म्हणाल्या. "कोणाला का निवडायचं ते तुम्हीच मला सांगा. पण नरहरी बोलेल गयाबाईच्या बाजूनं, आणि कमला चंपाबाईच्या."

दोघांचीही तोंडं उतरली. माहिती नाही म्हणाले, तर ललिताबाईंनी त्यांना एकमेकांच्या घरी जाऊन विचारून यायला सांगितलं. नरहरी गयाबाईकडे गेला तो तांदळाच्या पिठाचा गरम चिला खाऊनच परतला. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की गयाबाई रोज लांबून पाणी आणते, म्हणून कुठला हँडपंप बंद आहे ते तिला ठाऊक असतं, आमच्या घरी तर विहीर आहे. वर्ग हसला आणि मग टाळ्या पडल्या.

पंचाईत झाली ती पुढे. नरहरी दुकानात गिऱ्हाइकांसमोर गयाबाईचा प्रचार करू लागला. तेजराम तणतणत शाळेत आला. तेवढ्यात, नात घरीदारी चंपाचेच गोडवे गाते अशी तक्रार घेऊन गयाबाईही आली. दोघं दाराशी थबकले, कारण आत कमला बोलत होती: चंपाबाई दिवसभर दुकानात असते, रात्री-बेरात्री ताप आला तरी गोळी द्यायला दार उघडते, आजी तर पहाटेच खाणीवर जाते. ऐकता ऐकता तेजरामचा पारा उतरला. गयाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. बदलीची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही, आणि मुलं पुन्हा मिसळून बसू लागली.

गयाबाई एकतीस मतांनी निवडून आली. गुलालानं माखलेली ती धावत शाळेत आली, तेव्हा ललिताबाईंनी तिला पायरीवरच थांबवलं. आत नरहरी मान खाली घालून बसला होता. गयाबाईला ते कळलं. तिनं पदरानं हात पुसले, आत येऊन आधी त्याच्याच डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली की उन्हाळ्याआधी हँडपंप दुरुस्त करायचे आहेत, कुठून सुरुवात करायची ते तुझ्या आईलाही विचारायला येते. नरहरीनं मान वर केली.

संध्याकाळी ललिताबाई सुपेल्याच्या बाजारातून गरम जिलबी घेऊन घरी आल्या. आनंदरावानं विचारलं, आज काय आहे?

"गयाबाई सरपंच झाली," त्या म्हणाल्या. "दिवसभर तोंड दाबून बसली होती मी. लय आनंद झाला मले."