ठिपक्याला बाक कशाला?

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, मग बघते! मानणार नाहीत. मी पार्से गावची थापाडी म्हातारी. पण हॉस्पिटलात ड्रेसिंगच्या रांगेत गेलं की असे किस्से आपणहून पायाशी येऊन पडतात, मी काय करू?

*

पाय सत्यभामेचा, माझ्या शेजारणीचा. साखरेने टाच फुटलीय. डॉक्टरीणबाईने बजावलं, उभी राहू नको, नाहीतर पाय कापावा लागेल. म्हणून बसमधून उतरले की मी पुढे धावायची आणि बाकावर पिशवी ठेवायची. आमच्याकडे पिशवी ठेवली म्हणजे माणूस बसला. ती कोण हलवत नाही, डिचोलीचा दांडगा खाणीचा ट्रकवालासुद्धा!

*

मग आला कॉम्प्युटरवाला. सिम्युलेशन करतो म्हणे. म्हणजे हॉस्पिटल आधी पडद्यावर चालवून बघायचं, मग खरं. पेशंट म्हणजे ठिपके. सरसर आत, सरसर बाहेर.

"आजी, हा ठिपका तुम्ही."

"बरा आहे रे पुता. मुतायला कधी जातो तो?"

लिहून घेतलं त्याने!

*

दुसऱ्या खेपेला विचारलं, यातली सत्यभामा कुठली? म्हणाला, सगळे ठिपके सारखेच.

मी म्हटलं, "मग पट्टी पण ठिपक्यालाच बांध. हिला घरी ठेवते."

*

पुढच्या खेपेला बघते तर बाकच गायब. पडद्यावर कोणी थांबतच नाही, बाक नुसते वाटेत येतात म्हणे. आणि खरी रांग पार गेटापर्यंत! सत्यभामा भिंत धरून उभी. पट्टी लाल झाली. शिपाई म्हणाला, मोठ्या सायबांची ऑर्डर. माझं डोकं असं तापलं, वर पेज शिजली असती.

*

मग मोठ्या सायबांना पडदा दाखवायचा दिवस आला. हॉलात खुर्च्या मांडलेल्या. आम्ही बायका सकाळीच आत शिरलो. एकेका खुर्चीवर एकेक पिशवी. कशात उंडे पाव, कशात सुकी मासळी.

सायब आले ते उभेच. शिपाई आपल्या पेडण्याकडचा, रीत जाणणारा, पिशवीला हात लावेना.

"कोणाच्या या पिशव्या? आम्ही बसायचं कुठे?"

मी म्हटलं, "बसायचं कशाला सायबा? इथे कोणाला थांबावंच लागत नाही ना?"

तेवढ्यात सत्यभामेने मोठ्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली, बसली, आणि पाय मेजावर ठेवला. टाच सायबांकडे.

झाला माझा किस्सा. जावा आता तुम्ही. बस चुकेल.